रकाना

सावद्याच्या शाळेत, मागच्या अंगाला,
जिथं आधी खिचडीच्या तांदळाची पोती असायची
तिथं माझा वर्ग.
सहा मुलं, एक पंखा, आणि एक टेबल.
त्याच्यावर कुणी लिहीत नाही.
त्याच्याखाली सुभान तडवी राहतो.

राहतो म्हणजे खरंच राहतो.
डबा तिथं, चपला तिथं,
मोडलेल्या खडूंचा ढीग तिथं.
मी वाकले की म्हणतो, "मले हात नको लावू."
मी लावत नाही.
जून ते ऑगस्ट मी एवढंच शिकवलं,
की मी हात लावत नाही.

एकदा लावला.
खोटं कशाला बोलू, मारलाच.
पूर्वाच्या दंडात त्याचे दात रुतलेले, ती किंचाळत होती,
आणि माझ्या हातानं मला न विचारता
त्याच्या गालावर आवाज केला.
त्यानं दात सोडवले. रडला नाही.
ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखा
माझ्याकडे बघत राहिला.

त्या रात्री भरताची वांगी भाजताना
मी बोट पोळवून घेतलं.
मुद्दाम नव्हे. बहुतेक.

दर तिमाहीला फॉर्म भरायचा असतो.
दहा मिनिटं जागेवर बसतो का: नाही.
वीसपर्यंत अंक म्हणतो का: नाही.
इतरांना इजा करतो का: होय.
वर्षात त्याला मिळालेला हा एकच होय.

सप्टेंबरात तो पळाला.
शिपाई फेगडेभाऊ स्टेशनच्या रस्त्यानं गेले,
मी मागच्या तारेखालून, नेहेत्यांच्या केळीत.
आत शिरलं की दुपार हिरवी होते.
निळ्या पिशव्यांतले घड, त्यांना बांबूचे टेकू,
आणि ठिबकच्या नळीच्या एका गळक्या जोडापाशी
सुभान, पुटपुटत.

मी एक सरी सोडून बसले.
पदराला केळीचा चीक लागला. हा डाग जात नाही.
"चोवीस," तो म्हणाला.
टप्.
"पंचवीस."
मी खोकला गिळला.
एक्केचाळीसला लाईट गेली.
मोटार थांबली, थेंब लांबत लांबत तुटला,
आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं,
जणू बटण मीच दाबलं.
"मी नाही रे," मी म्हणाले.
खूप वेळानं तो म्हणाला, "माहीत हाये मले."

येताना तो पुढं, मी मागं,
मध्ये तीन झाडांचं अंतर.

तुम्हाला वाटेल, मग सुधारला.
सोमवारी तो माझ्या मनगटाला चावला.
सासूबाई विचारतात, शाळेत कुत्री आहेत का गं?
आणि अंक विचारले की अजून भिंतीकडे तोंड.
मुख्याध्यापकांना मी एक्केचाळीसचं सांगितलं.
ते म्हणाले, वर्गात म्हणाला का? वर्गात?

पण काल
पूर्वानं त्याचा निळा खडू उचलला तेव्हा
टेबलाखालून आधी आवाज आला,
घोगरा, घाईचा:
"बाई, येऊ राह्यलं!"
वादळाआधी बागेतला माणूस ओरडतो ना, तसा.

मी पूर्वाला कडेवर घेतलं,
बाकीच्यांना व्हरांड्यात काढलं.
आणि आलंच ते.
टेबल उलटं, खडूंचा चुरा,
डबा भिंतीवर, कळण्याची भाकरी तुकडे तुकडे.
मी दारात उभी राहिले, दोन्ही हात दिसतील असे.
कुणाच्या अंगावर दात नाहीत.
त्याच्या स्वतःच्याही नाहीत.

फॉर्म समोर आहे. प्रश्न तेच.
येतंय, हे आधी सांगतो का,
असं कुणी विचारलेलं नाही.
मी समासात लिहिते, बारीक अक्षरात,
तारीख घालून, त्याच्याच बोलीत.
वरचे साहेब म्हणतील, बाई, समास कोरा ठेवत जा.

टेबल मी एकटीनंच सरळ केलं.
तो मदतीला आला नाही.
सरळ झाल्यावर, खाली वाकून, आधी नीट बघून घेतलं
आणि आत जाऊन बसला.